वरिष्ठांची कार्यशैली आणि कर्मचाऱ्यांचे शिकणे

सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले आणि नगरहवेलीवरील १७१ वर्षांचा पोर्तुगीज अंमल संपुष्टात आला. दादरा त्यापूर्वीच, २२ जुलै रोजी मुक्त झाले होते. पुढील सात वर्षे हा प्रदेश पोर्तुगालच्या ताब्यात नव्हता आणि भारतीय संघराज्याचा रीतसर घटकही झालेला नव्हता. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक आप्पासाहेब करमळकर यांच्याकडे प्रारंभी प्रशासकपदाची जबाबदारी आली. लोकप्रतिनिधींची वरिष्ठ पंचायत स्थापन झाली. ज्यांना पूर्वी राज्यकारभारात विचारले जात नव्हते, त्यांच्यावर कारभार चालविण्याची वेळ आली. ११ ऑगस्ट १९६१ रोजी, घटनेच्या दहाव्या दुरुस्तीनुसार, दादरा व नगरहवेली भारतात विलीन झाली. विलीनीकरणाच्या करारावर या प्रदेशाच्या वतीने सही करता यावी म्हणून भारतीय प्रशासन सेवेतील के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते तेथील शासनप्रमुख करण्यात आले, ही घटना सर्वश्रुत आहे.

कराराने राज्य बदलते. कारभार मात्र एका सहीने बदलत नाही. १९६१ च्या जनगणनेत या ४९१ चौरस किलोमीटरच्या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती. तीत वारली, कोकणा, धोडिया, कातकरी इत्यादी आदिवासी समाजांचे मोठे प्राबल्य होते. घरात एक बोली, बाजारात गुजराती, सीमेवरील गावांत मराठी आणि कचेरीत आणखी वेगळी भाषा, अशी येथील स्थिती. पुढे १९७१ मध्ये जमीन सुधारणा विनियम आला, तेव्हा पोर्तुगीज काळातील अल्वारा आणि तेरम यांसारख्या धारणापद्धती समजून घेऊन कसणाऱ्याचा हक्क नव्या कायद्यात बसविण्याचे काम महसुली कर्मचाऱ्यांपुढे आले. त्यानंतरच्या दशकांत कारखाने आले आणि २०११ साली लोकसंख्या ३,४३,७०९ झाली. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण व दीवसह एका केंद्रशासित प्रदेशात समाविष्ट झाला. यांतील प्रत्येक टप्प्यावर तलाठ्याला, शिक्षकाला, परिचारिकेला, लिपिकाला आणि कामगाराला काही ना काही नवे शिकावे लागले आहे.

हे शिकणे कोणत्या गोष्टींवर अवलंबून असते? बुद्धी, पूर्वशिक्षण, वेतन, साधने या सर्वांचा त्यात वाटा आहेच. परंतु एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी वेगळी तरतूद लागत नाही आणि तरीही तिचा परिणाम दूरवर होतो. ती म्हणजे वरिष्ठाची वागण्याची रीत. हाताखालच्या माणसाला “मला हे समजले नाही” किंवा “माझ्याकडून हे चुकले” असे निर्भयपणे म्हणता येते किंवा नाही, यावर त्याचे शिकणे आणि त्याच्या कामाचा कस बऱ्याच अंशी ठरतो. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार करावयाचा आहे.

प्रशिक्षण आणि शिकणे

प्रशिक्षण आणि शिकणे हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. प्रशिक्षण वर्ग भरतो, हजेरी लागते, पुस्तिका मिळते आणि प्रमाणपत्र हाती पडते. शिकणे मात्र त्यानंतर सुरू होते. वर्गात ऐकलेले प्रत्यक्ष कामावर करून पाहताना अडचण येते, कर्मचारी ती कोणाला तरी विचारतो, उत्तर मिळते, पुन्हा करून पाहतो, चुकतो, दुरुस्त करतो, आणि मग ते काम त्याच्या हाती बसते. या साखळीतील सर्वांत नाजूक कडी विचारण्याची आहे. विचारणाऱ्याला “इतकेही येत नाही का?” असे चारचौघांत ऐकावे लागले, तर तो पुढच्या वेळी विचारणार नाही. अंदाजाने काम करील आणि अंदाज चुकला तर झाकून ठेवील. दहा दिवसांच्या प्रशिक्षणावर झालेला खर्च अशा एका वाक्याने वाया जाऊ शकतो.

तीन कार्यशैली

नेतृत्वाच्या शैलींचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत कुर्ट लेविन यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. अमेरिकेतील आयोवा येथे लेविन, लिपिट व व्हाइट या अभ्यासकांनी केलेले प्रयोग १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे दहा वर्षे वयाच्या मुलांचे छोटे गट करून त्यांना मुखवटे तयार करण्यासारखी कामे देण्यात आली आणि गटांच्या प्रमुखांनी तीन निरनिराळ्या पद्धतींनी वागावे अशी योजना केली. पहिल्या पद्धतीत प्रमुख सर्व काही स्वतः ठरवी आणि एकेक पायरी हुकमाने करवून घेई. दुसऱ्या पद्धतीत कामाची आखणी गटाशी चर्चा करून होई, आणि प्रमुख मार्गदर्शन करी. तिसऱ्या पद्धतीत प्रमुख गटाला जवळजवळ वाऱ्यावर सोडून देई.

हुकमी पद्धतीच्या गटांत प्रमुख समोर असताना काम भरपूर झाले. परंतु तो खोलीबाहेर जाताच कामाचा वेग मंदावला. विचारविनिमयाच्या गटांत प्रमुख नसतानाही काम जवळजवळ तसेच चालू राहिले. वाऱ्यावर सोडलेल्या गटांत काम सर्वांत कमी झाले आणि त्याचा दर्जाही उतरला.

मुलांच्या खेळगटावरून प्रौढांच्या कचेरीविषयी सरसकट निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तरीही “साहेब बाहेर गेले की काय होते?” ही कसोटी आजही उपयोगी आहे. तालुक्याच्या ठिकाणी बसणारा अधिकारी दूरच्या पाड्यावरील शाळेत किंवा आरोग्य उपकेंद्रात रोज हजर राहू शकत नाही. तेथील काम त्याच्या गैरहजेरीतच व्हायचे असते. म्हणूनच विखुरलेल्या वस्तीच्या प्रदेशात, केवळ धाकावर उभी असलेली शिस्त कमी पडते. जे काम कर्मचाऱ्याला स्वतःचे वाटते आणि ज्यामागचे कारण त्याला कळलेले असते, तेच अशा ठिकाणी टिकते.

चूक सांगण्याची मुभा

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील विभागांचा अभ्यास केला. जेथे नेतृत्व चांगले आणि सहकार्य अधिक, तेथे औषधे देण्यातील चुका कमी आढळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. हाती आलेले आकडे उलट होते. चांगल्या विभागांत नोंदलेल्या चुका अधिक होत्या. अधिक खोलात गेल्यावर उलगडा झाला की अशा विभागांत चुका उघडपणे बोलल्या जात होत्या, तर धाकाच्या विभागांत त्या दडपल्या जात होत्या. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न विचारण्याची, शंका घेण्याची आणि चूक कबूल करण्याची निर्भयता जेथे असते, तो गट अधिक शिकतो, असे त्यांनी १९९९ च्या पुढील अभ्यासात कारखान्यातील कार्यगटांच्या आधारे दाखवून दिले.

याचा अर्थ आपल्याकडील कामात कसा लावावा, हे एका कल्पित परंतु नेहमी संभवणाऱ्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका पाड्यावर अंगणवाडी आहे. सेविकेने दरमहा बालकांचे वजन घेऊन वाढीच्या तक्त्यावर ते मांडावयाचे आहे. हे काम दिसते तितके सोपे नाही. वजनकाटा आधी शून्यावर आणावा लागतो. मूल रडत, हातपाय झाडत असेल तर काटा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बालकाचे वय महिन्यांत नेमके ठाऊक असावे लागते. पुष्कळ माता जन्मतारीख सांगत नाहीत. लावणीच्या वेळी, कापणीनंतर, होळीच्या आधी, असे सांगतात. वय दोन महिन्यांनी चुकले तर त्याच वजनाचे मूल तक्त्यावर एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जाऊन पडते.

आता अशी पर्यवेक्षिका कल्पावी की जी मासिक बैठकीत ज्या अंगणवाडीत कुपोषित बालके अधिक, त्या सेविकेला सर्वांसमोर उभे करून जाब विचारते. सेविका एवढेच शिकते की आकडा मोठा असला की बोलणी खावी लागतात. पुढील महिन्यात काट्यावरील वजन आणि रजिस्टरातील वजन यांत थोडे अंतर पडते. त्याच्या पुढील महिन्यात काटा बाहेर काढलाच जात नाही. कागदावर कुपोषण घटते, बैठकीत समाधान व्यक्त होते, आणि ज्या बालकाला त्याच आठवड्यात उपचार मिळावयास हवे होते ते घरीच राहते. येथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पर्यवेक्षिकेला काम चांगले व्हावे असेच वाटत होते. तिच्या रीतीने मात्र सेविकेला लपवायला शिकविले.

दुसरी पर्यवेक्षिका त्याच आकड्यावर निराळा प्रश्न विचारते: “ही चार मुले तुम्हांला कशी सापडली? वय कसे काढले? चला, त्यांच्या घरी जाऊन येऊ.” ती स्वतः काटा हातात घेते, शून्य तपासते, आईशी तिच्या बोलीत बोलण्यास सेविकेलाच पुढे करते. या भेटीत सेविका वजन घेण्याची रीत शिकते आणि पर्यवेक्षिका पाड्याची परिस्थिती शिकते. खरा आकडा सांगणे हे आपले काम आहे आणि ते केल्याने मदत येते, हा अनुभव सेविकेच्या मनात ठसतो. दोन्ही ठिकाणी सेविका तीच, काटा तोच आणि मानधनही तेवढेच. फरक वरिष्ठाच्या वागण्याचा आहे आणि त्याची किंमत बालकाच्या प्रकृतीत मोजावी लागते.

कोसबाडचा धडा

नगरहवेलीच्या शेजारी, पूर्वीच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात, कोसबाड हे गाव आहे. येथील वारली समाज आणि नगरहवेलीतील वारली समाज एकाच नात्यागोत्याचा. या भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे शिक्षणकार्य केले ते बालशिक्षणाच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. परंतु वरिष्ठ आणि सहकारी यांच्या संबंधाचे उदाहरण म्हणूनही ते अभ्यासण्याजोगे आहे.

ताराबाई (१८९२–१९७३) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, तिच्याशी त्या निगडित होत्या. माँटेसरी पद्धतीचे त्यांचे ज्ञान सखोल होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा त्यांना अनुताई वाघ (१९१०–१९९२) येऊन मिळाल्या. अनुताई पुण्यातील हुजूरपागेच्या शाळेत शिक्षिका होत्या. अध्यापनाचा अनुभव त्यांच्यापाशी होता, बालवाडीचा नव्हता. त्या बालवाडीचे काम शिकल्या ते प्रामुख्याने ताराबाईंबरोबर प्रत्यक्ष काम करीत.

येथे एक अडचण उभी राहिली. माँटेसरी साहित्य महाग आणि शहरी. आदिवासी पाड्यावर ते परवडणारे नव्हते आणि मुलांच्या ओळखीचेही नव्हते. एखादा हट्टी तज्ज्ञ म्हणाला असता की साहित्य नाही तर पद्धत नाही. कोसबाडच्या परिसरात मात्र बिया, शंखशिंपले, पाने, खडे, माती या आसपासच्या वस्तूंतून शैक्षणिक साधने घडविण्यात आली. दुसरी अडचण त्याहून मोठी होती. मुले बालवाडीत येतच नव्हती. तेव्हा बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली आणि त्यातून अंगणवाडीची कल्पना रूढ झाली. थोडी मोठी मुले गुरे राखण्यासाठी कुरणावर जात. त्यांच्यासाठी शाळा कुरणात भरू लागली, ती कुरणशाळा. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द भारतभर पोहोचला.

या घटनांतून नेतृत्वाविषयी काय दिसते? मुले आली नाहीत, ही वस्तुस्थिती कामाचे अपयश म्हणून झाकली गेली नाही. ती माहिती म्हणून स्वीकारली गेली आणि पद्धत बदलण्यात आली. सिद्धांताची जाणकार असलेली ज्येष्ठ व्यक्ती प्रत्यक्ष परिस्थितीपुढे आपली पद्धत बदलावयास तयार असली, म्हणजे तिच्या सहकाऱ्यांनाही निरीक्षण करण्याचे आणि सुचविण्याचे धैर्य येते. ताराबाईंच्या निधनानंतर काम थांबले नाही. अनुताईंनी ते जवळजवळ दोन दशके पुढे नेले. प्रमुख व्यक्ती खोलीबाहेर गेल्यावर काय होते, ही लेविन यांच्या प्रयोगातील कसोटी येथे आयुष्यभराच्या मोजमापाने लागली आणि कोसबाडचे काम तिला उतरले.

कचेरीतील उदाहरण

सरकारी कचेरीच्या बाबतीत महाराष्ट्रात ‘लखिना पॅटर्न’ हे नाव परिचित आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची पुनर्रचना केली. जुन्या कागदपत्रांची छाननी व वर्गवारी, कर्मचाऱ्यांच्या बैठकीची सुटसुटीत व्यवस्था, प्रत्येकाच्या कामाची स्पष्ट विभागणी आणि येणाऱ्या नागरिकाला माहिती मिळण्याची सोय, अशी तिची अंगे होती. हा प्रयोग पुढे इतर कार्यालयांसाठी अभ्यासाचा विषय झाला.

शिकण्याच्या दृष्टीने यातील मर्म असे की, काम स्पष्ट आणि दिसेल असे मांडले की ते शिकता येते. महाराष्ट्रातील कार्यालयांत रूढ असलेली सहा गठ्ठा पद्धत याच विचाराची आहे. कार्यवाहीची प्रकरणे, प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नाश करावयाचे कागद, असे टेबलावरील कागदांचे सहा भाग केले की नव्याने आलेल्या लिपिकालाही आपल्यापुढे काय आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते. स्थायी आदेशांचा गठ्ठा तर त्याचा मूक शिक्षकच होय. ज्या कचेरीत नियम एकाच ज्येष्ठ लिपिकाच्या डोक्यात असतात, तेथे बाकीचे सर्व त्याच्यावर अवलंबून राहतात. तो सेवानिवृत्त झाला की कचेरीचे ज्ञानही त्याच्याबरोबर घरी जाते. आपल्यापाशी असलेली माहिती सर्वांसाठी खुली करणे, हाही नेतृत्वाचाच भाग आहे.

गावाने निवडलेल्या कार्यकर्त्या

त्याच जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना तेथे आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्यात आले. या स्त्रिया ठराविक दिवशी जामखेडला एकत्र येत, रात्री मुक्काम करीत, आपापल्या गावांत काय घडले ते एकमेकींना सांगत आणि त्या अनुभवांवरून नवे धडे घेत. डॉक्टरांचे ज्ञान अधिक होते. गावाची माहिती मात्र या स्त्रियांपाशी अधिक होती. दोन्हींना मान मिळाला म्हणून शिकणे दोन्ही दिशांनी झाले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अक्षरओळख नसलेल्या स्त्रिया गावातील बाळंतपण, जुलाब, लहान मुलांचे आजार यांविषयी जबाबदारीने काम करू शकल्या, ही गोष्ट “आमचे कर्मचारी शिकतच नाहीत” असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने मनन करण्याजोगी आहे. शिकण्याची पात्रता पुष्कळदा माणसात असते; तिला वाव देणारी बैठक नसते.

मुभा म्हणजे ढिलाई नव्हे

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. निर्भयता याचा अर्थ मनमानी असा नाही. आयोवाच्या प्रयोगात वाऱ्यावर सोडलेले गट सर्वांत मागे पडले होते, हे विसरता येणार नाही. अप्रामाणिकपणा, पैशाची अफरातफर, जाणूनबुजून केलेली गैरहजेरी यांना चूक म्हणत नाहीत. तेथे शिस्तीचे नियम लागू झालेच पाहिजेत. न कळल्यामुळे किंवा प्रयत्न करताना झालेली चूक वेगळी आणि हलगर्जीपणा वेगळा, हा विवेक वरिष्ठाने केला नाही, तर प्रामाणिक माणूस घाबरतो आणि कामचुकार निर्धास्त होतो.

प्रसंगानुसार शैली बदलावी लागते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. दमणगंगेवर मधुबन धरण आहे. पावसाळ्यात नदीला पूर येऊन काठावरील वस्ती हलविण्याची वेळ आली तर तेथे सभा भरवून मते घेता येत नाहीत. एकाने आदेश द्यावा आणि बाकीच्यांनी तो तत्काळ पाळावा, हेच तेथे योग्य. परंतु पूर ओसरल्यावर त्याच अधिकाऱ्याने सर्वांना बोलावून कोठे उशीर झाला, कोणता निरोप पोहोचला नाही, हे शांतपणे विचारले पाहिजे. त्या बैठकीत कोतवालालाही अधिकाऱ्याची चूक सांगता आली, तर पुढील पावसाळ्यात गाव अधिक सुरक्षित राहील.

व्यक्तीनुसारही फरक करावा लागतो. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या विचाराचे सार असे की, नवख्याला स्पष्ट सूचना हव्या असतात, थोडे शिकलेल्याला सूचनांबरोबर कारणे आणि धीर हवा असतो आणि जाणकाराला मोकळीक हवी असते. पहिल्याच दिवशी “तुमचे तुम्ही पाहा” म्हणणे आणि वीस वर्षे काम केलेल्याला ओळीओळीला टोकणे, हे दोन्ही सारखेच चुकीचे आहे.

कारखान्यांनाही हे लागू पडते. जपानमधील टोयोटा कारखान्यांत दोष दिसताच साध्या कामगाराला दोरी ओढून कामाची रांग थांबविण्याचा संकेत देता येतो, ही पद्धत जगभर अभ्यासली गेली आहे. तेथे दोष दाखविणे हे कामगाराचे कर्तव्य मानले जाते. सिल्वासाच्या परिसरातील कारखान्यांत दूरदूरच्या प्रांतांतून आलेले कामगार आहेत. यंत्राचा आवाज बदलला आहे, हे भाषा न येणाऱ्या कामगारालाही कळते. ते सांगण्याची सोय आणि सांगण्याचे धैर्य त्याला मिळाले पाहिजे. कधी कधी हात वाचणे किंवा गमावणे यावरच अवलंबून असते.

व्यवहारात काय करता येईल

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सहज अंमलात आणता येण्याजोग्या आहेत.

१. नव्या कर्मचाऱ्याच्या पहिल्या महिन्यात त्याच्यासाठी एक जाणकार सहकारी नेमून द्यावा आणि “काहीही विचारा” असे वरिष्ठाने त्याला स्वतः सांगावे.

२. मासिक बैठकीचा प्रारंभ आकड्यांच्या जाबाने न करता “या महिन्यात कोणती अडचण आली?” या प्रश्नाने करावा. पहिली अडचण वरिष्ठाने स्वतःची सांगितल्यास इतरांना बोलणे सोपे जाते.

३. चूक दाखवावयाची ती एकांतात, चांगले काम सांगावयाचे ते सर्वांसमोर.

४. मोठा आकडा प्रामाणिकपणे कळविणाऱ्यास दोष देऊ नये. प्रथम नोंद तपासावी आणि नंतर मदत पाठवावी.

५. आदेशाबरोबर त्याचे कारण सांगावे. कारण कळलेला माणूस आदेशात न लिहिलेल्या प्रसंगीही योग्य ते करतो.

६. भेटीच्या वेळी केवळ रजिस्टरे न तपासता काही वेळ कर्मचाऱ्याबरोबर प्रत्यक्ष काम करावे. मुख्याध्यापकाने आठवड्यातून एखादा तास सहकारी शिक्षकाच्या वर्गात मागे बसावे आणि एखादा तास त्याला आपल्या वर्गात बसू द्यावे.

७. स्थानिक बोली जाणणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला त्या बाबतीत गुरू मानावे. वारली मातेशी बोलताना शिपाई किंवा मदतनीसही अधिकाऱ्याला शिकवू शकतो.

ग्रामस्थांचाही यात वाटा आहे. तलाठी, शिक्षक, परिचारिका यांच्यावर गावाचाही एक धाक असतो. ग्रामसभेत एखाद्या सेविकेने गावातील कुपोषित बालकांची खरी संख्या सांगितली, तर “गावाची बदनामी केली” म्हणून तिच्यावर रोष धरू नये. ती संख्या गावानेच जाणून घेतली पाहिजे. सरपंच हाही एक नेता आहे आणि त्याच्या वागण्यावरून ग्रामसभा बोलायला किंवा गप्प बसायला शिकते.

सिल्वासा मुक्त झाले तेव्हा लोकांच्या हाती प्रथमच कारभार आला. परकीय अंमलात लोकांनी ऐकावे आणि कचेरीने सांगावे अशी रीत होती. ती रीत राज्याबरोबर संपावयास हवी होती. परंतु प्रत्येक कचेरीत, शाळेत आणि कारखान्यात ती पुन्हा पुन्हा डोके वर काढू शकते, कारण ती वरिष्ठाच्या खुर्चीशी सहज चिकटते. खुर्चीवर बसणाऱ्याने हाताखालच्या माणसाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, तर ती रीत मागे हटते. कर्मचारी शिकतो, काम सुधारते आणि ज्या पाड्यासाठी हा सारा कारभार आहे तेथील बालकाच्या वजनाची नोंद खरी होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या कार्यालयात किंवा शाळेत गेल्या तीन महिन्यांत कोणी स्वतःहून आपली चूक सांगितली आहे काय? सांगितली असल्यास पुढे काय झाले?

२. प्रमुख रजेवर असताना कोणते काम थांबते? ते का थांबते?

३. आपल्या कामातील कोणते ज्ञान एकाच व्यक्तीपाशी आहे? ते सर्वांसाठी लिहून कसे ठेवता येईल?

४. कोणत्या प्रसंगी तत्काळ आदेश आवश्यक असतो आणि कोणत्या प्रसंगी विचारविनिमय? आपल्या गावातील एकेक उदाहरण द्यावे.